गिळलेली तीन अक्षरं

ओतूरच्या बाजारात राजरत्न साळवे कोण म्हणून विचारलं, तर दहातले आठ जण नकारार्थी मान हलवत. ‘शब्द फोडणारे भाऊ कुठं भेटतील?’ असं विचारलं, की लगेच बोट वर होई. त्या दवाखान्यासमोर, लिंबाखालच्या चहाच्या बाकावर, साडेदहाला.

साडेदहाला ते चहाला बाहेर येत. धुवट पांढरा सदरा, खिशाला निळं पेन आणि बोटांच्या टोकांना टाइपरायटरच्या फितीची काळी शाई. वीस खाटांच्या त्या खाजगी दवाखान्यात ते टायपिस्ट होते. पेशंटला घरी सोडतानाचं कार्ड, ऑपरेशनची टिपणं, पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांना लिहायची चिठ्ठी, सगळं त्यांच्या हातून कागदावर उमटे. डॉक्टर तोंडी सांगत त्यातलं निम्मं माणसांच्या कानाबाहेरच राही. मग ती माणसं कागद घेऊन बाकापाशी येत.

“भाऊ, ह्यो शब्द तेवढा फोडून द्या.”

राजाभाऊ कप खाली ठेवत. कागद डाव्या हातात धरत आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालवत शब्द म्हणत. अॅ-पेन-डि-सेक-ट-मी. एका पेराला एक अक्षर, ना मागं ना पुढं.

“सहा पेरांचा शब्द हाय. अपेंडिक्स म्हंजे आतड्याचं शेपूट. एक्टमी म्हंजे कापून काढनं.”

“शेपूट कापलं म्हना की राव! आन् मी घाबरून तीन दिवस जेवलो न्हाई.”

बाकावर हशा पिके. तो माणूस घरी जाईपर्यंत एसटीत तो शब्द घोळवत बसे, आणि गावात उतरला की चारचौघांना तो म्हणून दाखवी. आपल्या आजाराचं नाव धड घेता आलं की माणूस निम्मा बरा होतो, असं राजाभाऊंना वाटे. त्यांचा शेजारी म्हणून मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

ही विद्या त्यांना दवाखान्यात मिळाली नव्हती. ती त्यांच्या वडिलांची. धर्माजी साळवे छप्पन साली दीक्षा घेऊन परतले आणि पुढच्याच वर्षी राजरत्न जन्मले. धर्माजींना शाळा माहीत नव्हती. कोणीतरी दिलेल्या वंदनेच्या पुस्तिकेवर बोट ठेवून, रात्रशाळेच्या मास्तरांना विचारत विचारत ते वाचायला शिकले होते. पाली शब्द लांब, जिभेला अनोळखी. ते ओठात अडकत, दातात मोडत. धर्माजींनी त्यावर उपाय काढला. विहार म्हणजे तेव्हा एक पत्र्याची शेड होती. तिच्यात वस्तीतल्या पोरांना ओळीनं बसवायचं आणि प्रत्येकाला स्वतःच्या बोटांची पेरं मोजायला लावून शब्द म्हणवून घ्यायचे. कोणी ‘सिक्खापदं’चं ‘सिकापं’ केलं, की धर्माजी त्याच्या रिकाम्या राहिलेल्या पेरावर टिचकी मारत.

“हितलं अक्षर कुटं गेलं? गिळलंस? अक्षर गिळायचं न्हाई. आपल्याला आत्ता कुटं बोलाया मिळालंय, गिळाया न्हाई.”

राजाभाऊ पुढं जुन्नरला टायपिंगच्या क्लासला गेले. इंग्रजी चाळीसचा स्पीड काढला. सरकारी नोकरीची वाट पाहण्यात काही वर्षं गेली, आणि मग चौऱ्याऐंशी साली ओतूरच्या त्या दवाखान्यात लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक घोटाळा केला. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते. त्या घंटीनंतर पाच-सहा अक्षरांपुरतीच जागा उरते. शब्द लांब असला तर तो तोडून, आडवी रेघ देऊन, उरलेला खालच्या ओळीत न्यावा लागतो. राजाभाऊंनी ‘गॅस्ट्रोएंटरायटिस’ हा शब्द जागा संपली तिथं तोडला.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि हसले. “साळवे, एंटर म्हणजे आतडं. तू आतड्याचे बरोबर मधे दोन तुकडे केलेस. भूल तरी द्यायची होतीस.”

मग त्यांनी समजावलं. हे शब्द ग्रीक लोकांचे. उसाच्या कांड्यासारखे, पेरापेरानं वाढलेले. गॅस्ट्रो म्हणजे जठर, एंटर म्हणजे आतडं, आयटिस म्हणजे सूज. तोडायचा तर पेरावर तोडायचा, मधल्या कांड्यावर कोयता घालायचा नाही. राजाभाऊ त्या दिवशी घरी आले ते काहीतरी सापडल्यासारखे. बापानं पाली शब्द पेरांवर मोजायला लावला होता, आणि हे डॉक्टरही पेरच म्हणत होते.

त्यांनी शंभर पानी वही केली. ओमा म्हणजे गाठ. ऑट म्हणजे कान. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. तिथं एका अक्षराची चूक म्हणजे उलटा आजार. संध्याकाळी घरी बसून ते पाठ करत, आणि समोर भाकरी थापत बसलेली त्यांची बायको द्रौपदा ऐकत असे.

द्रौपदाबाई आणे गावाच्या पठारावरच्या. तिकडं पाण्याचं दुर्भिक्ष, बाजरी पिकली तर पिकली. इकडं नांदायला आल्या तेव्हा विहिरीचं भरलेलं पाणी बघून दहा मिनिटं काठावर उभ्या राहिल्या होत्या, असं त्या स्वतःच सांगत. शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या. मराठी अडखळत वाचत, इंग्रजी अजिबात नाही. पण हाताला माप होतं. कांद्याच्या वखारीत निवडणीला जात, तेव्हा त्यांची नजर दुसरीकडं असली तरी हात चुकत नसे. मोठा इकडं, मध्यम तिकडं, आणि बोरापेक्षा जरासा मोठा तो गोल्टीच्या ढिगात. मुकादम म्हणे, बाईच्या हातात चाळणी आहे.

नवरा पाठ करताना त्या चेष्टा करत.

“आज कोन पाव्हनं आलंय पेरांवर?”

“ऑस्टिओमायलायटिस.”

“बया! घरात मावंल का ह्यो?”

पण भाकरी उलटता उलटता त्यांचा पिठाचा अंगठाही बोटांवरून चालत असे. सोळा-सतरा वर्षं त्यांनी हे ऐकलं. अर्थ राहिले नसतील, मोजणी राहिली.

त्र्याण्णव साली चिमाजी आला. आंबेगावच्या डोंगरातला म्हातारा, घोडेगावच्याही पुढचा, भाच्याच्या ओळखीनं ओतूरला आलेला. पोटात दुखायचं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी पुण्याला न्यायची चिठ्ठी दिली. चिठ्ठी घेऊन तो बाकावर आला.

राजाभाऊ तेव्हा ऐन भरात होते. भोवती सात-आठ माणसं होती. त्यांनी शब्द पेरांवर घेतला. कार-सि-नो-मा.

“ओमा म्हंजे गाठ. आन् कार्सिन म्हंजे खेकडा. ग्रीक लोकांना त्या गाठीच्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या. आपनबी कर्क म्हनतोच की.”

चिमाजी हसला. तोंडात दोनच दात होते.

“खेकडा व्हय? आरं, मी तर जलमभर वढ्यातलं खेकडं धरलं. हजारांनी खाल्लं आसतील. आता त्येनी मला धरलं. बराबर हाय त्येंचं.”

सगळे हसले. राजाभाऊही हसले. चिमाजीनं चिठ्ठी घडी करून बंडीत घातली, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि पुण्याच्या गाडीऐवजी जुन्नरच्या गाडीत बसला. तिथून घोडेगाव, तिथून डोंगर. दीड महिन्यानं भाचा म्हातारा गेल्याचं सांगायला आला. त्यानं शेवटपर्यंत औषधाला हात लावला नव्हता. कोणी आग्रह केला तर म्हणे, हिशेब फिटतोय, मधी येऊ नका.

त्यानंतर राजाभाऊ शब्द फोडत राहिले, पण सगळेच नाही. कागदावर ते चार पेरांचं नाव आलं, की म्हणत, “ह्यो डॉक्टरांनाच इचारा.” बाकावरचं हसू पूर्वीसारखंच होतं. त्यांच्या मनात मात्र बसलं होतं, की आपण शब्द फोडला आणि त्यातून निघालेल्या खेकड्यानं माणूस नेला.

दोन हजार सालच्या दिवाळीत द्रौपदाबाईंच्या उजव्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी गाठ दिसली. त्यांनी स्वतःच बोटांनी चाचपून सांगितलं, “गोल्टीयेवढी हाय.” दुखत नव्हती. महिन्याभरानं म्हणाल्या, “गोल्टी ऱ्हायली न्हाई, मध्यम झाली.” मग राजाभाऊ त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी गाठीचा लहानसा तुकडा काढून बाटलीत घालून पुण्याला पाठवला.

जानेवारीच्या मध्यावर रिपोर्ट आला. आलेलं टपाल फोडायचं काम राजाभाऊंचंच. लिफाफा त्यांनी फोडला आणि उभ्यानं वाचला. डॉक्टर आत होते. राजाभाऊंनी कागद त्यांच्यापुढं ठेवला.

डॉक्टरांनी कागद वाचून बाजूला सरकवला. मग म्हणाले, “साळवे, आठ दिवसांत पुण्याला न्या. मी सर्जनना चिठ्ठी देतो. बाईंशी तुम्ही बोलता का मी बोलू?”

“मी बोलतो, साहेब.”

डॉक्टर सांगत गेले आणि राजाभाऊ स्वतःच्या बायकोची चिठ्ठी टाइप करत गेले. शब्द आला आणि मधेच घंटी वाजली. अॅडेनोकार्सिनोमा. अॅडेनो म्हणजे ग्रंथी. तिथं पेर होतं. तिथं तोडून रेघ द्यायची आणि उरलेला खाली न्यायचा, वहीतला नियम अगदी सरळ होता. पण मग खालची ओळ त्या चार पेरांच्या नावानंच सुरू झाली असती. ओळीच्या तोंडाशी ते नाव एकटं बसलेलं त्यांना बघवेना. त्यांनी कागद ओढून काढला, चुरगळला, नवा घातला आणि वरच्या ओळी अशा बेतानं मारल्या, की तो शब्द अखंड एका ओळीत बसला.

मला हे त्यांनी फार नंतर सांगितलं. म्हणाले, “त्या दिशी तोडला आसता, तर तिला कधीच कळलं नसतं.”

घरी द्रौपदाबाई दारातच बसल्या होत्या.

“काय आलं वो?”

राजाभाऊंनी चिठ्ठी बाहेर काढली. दाखवायला नको होती, पण त्यांच्या घरात कागद न दाखवता शब्द सांगायची रीतच नव्हती. त्यांनी बोट शब्दाच्या सुरुवातीला टेकवलं आणि म्हणाले, “अॅ-डे-नो-मा.” बोट चार उड्यांत शेवटाला पोचलं. “ग्रंथीची साधी गाठ. धोंडाबाईला झालती ना, तीच.”

“तीच?”

“तीच. कांद्याचं काम सरलं की काढून टाकू.”

धोंडाबाई म्हणजे आमच्या आळीतली म्हातारी. तिच्या जबड्याखालची गाठ तीन वर्षांपूर्वी त्याच दवाखान्यात काढली होती आणि ती मशेरी घासत सगळ्या गावाला टाका दाखवत फिरली होती. तिचं नाव घेतल्यावर भीती कुठली राहायला? द्रौपदाबाई उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

ज्या माणसानं आयुष्यात अक्षर गिळलं नव्हतं, त्यानं दारात उभं राहून तीन अक्षरं गिळली. कार, सि, नो.

डॉक्टरांनी आठ दिवसांनी विचारलं. राजाभाऊ म्हणाले, पुढच्या सोमवारची तारीख मिळालीय. त्यानंतर म्हणाले, लेक येणार आहे, ज्योत्स्ना, तिच्याबरोबर जाणार आहोत. डॉक्टरांचा विश्वास होता. स्वतःच्या बायकोच्या बाबतीत कोण खोटं बोलेल? लाल कांदा संपला. उन्हाळ कांद्याची पात पिकून आडवी पडायला लागली. रोज संध्याकाळी राजाभाऊ ठरवत, की उद्या सांगू. आणि रोज त्यांना चिमाजी दिसे, जुन्नरच्या गाडीच्या खिडकीतून हसणारा, दोन दातांचा. तिनंही असंच हसून पाठ फिरवली तर? मी त्यांना त्या दिवसांत विचारलं होतं, की राजाभाऊ, चेहरा का उतरलाय. म्हणाले, “फीत संपलीय मशीनची, अक्षर फिकं येतंय.”

गाठ मात्र थांबली नव्हती. एप्रिलच्या सुरुवातीला द्रौपदाबाईंना उजवा डोळा नीट मिटेना. निवडणीला बसल्या असताना त्यांचा हात कानाखाली गेला आणि वखारीतल्या बायकांसमोर त्या आपल्याशीच म्हणाल्या, “आता मध्यम न्हाई. मोठा झाला.” त्याच दुपारी त्या धोंडाबाईकडं गेल्या.

“आत्या, तुझी गाठ आसताना डोळा मिटत व्हता का?”

“न मिटाया काय झालतं? घोरत व्हते मी.”

“तुझा कागद हाय का गं?”

“हाय की. मेल्यावर बरुबर न्यायचाय म्हनून ठिवलाय.”

धोंडाबाईनं प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढून दिलं. द्रौपदाबाई ते पदराखाली घेऊन घरी आल्या. पेटीतल्या पिशवीतून स्वतःची चिठ्ठी काढली आणि दोन्ही कागद फरशीवर शेजारी ठेवले. इंग्रजी येत नव्हतं. पण धोंडाबाईच्या कार्डावर आजाराचं नाव कुठल्या ओळीत असतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि आपल्या चिठ्ठीवर नवऱ्याचं बोट कुठं टेकलं होतं, हेही. शिवाय टाइपरायटर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देतो, बारीक असो का जाड, हे राजाभाऊंनीच कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं.

त्यांनी केरसुणीची एक काडी मोडली. धोंडाबाईच्या शब्दावर ठेवून नखानं बरोबर तेवढी तोडली. मग ती स्वतःच्या शब्दावर ठेवली.

राजाभाऊ साडेसहाला आले, तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या.

“अवो, हिकडं या. बसा.”

ते बसले. कागद पाहिले. काडी पाहिली.

“धोंडाआत्याचा शब्द येक काडी. माझा दोन काड्या. बराबर दोन, ना वाढ ना घट. तुमी म्हनला तीच गाठ.” त्यांनी काडीच्या टोकानं दाखवलं. “म्होरं तेच हाय. मागं तेच हाय. मग मधी कोन घुसलंय?”

राजाभाऊंनी चिठ्ठी उचलायला हात नेला, तो द्रौपदाबाईंनी बाजूला सारला.

“त्या दिशी तुमचं बोट उड्या मारीत गेलं. मला वाटलं, दमलं आसतील. मामंजी काय म्हनायचं? पोरांना काय म्हनायचं त्या शेडात?”

“द्रौपदा...”

“म्हना. समदा म्हना. माझ्या बोटांवर म्हना.”

त्यांनी आपला हात पुढं केला. राजाभाऊंनी तो धरला. कांद्यानं काळवंडलेली, चिरा पडलेली बोटं. पहिल्या बोटाच्या पहिल्या पेरावर त्यांनी अंगठा ठेवला. अॅ. डे. नो. बोट संपलं. दुसऱ्या बोटावर त्यांचा अंगठा थांबला. द्रौपदाबाईंनी हात हलवला नाही. कार. सि. नो. दुसरं बोट संपलं. तिसऱ्या बोटाचं पहिलं पेर. मा.

“सात,” द्रौपदाबाई म्हणाल्या. “आन् तुमी मला चार दिली. मधल्याचा अर्थ काय?”

“खेकडा.”

त्यांना चिमाजी माहीत होता. घरात त्याचं नाव कितीदा तरी निघालं होतं. त्यांनी धोंडाबाईचं कार्ड उचलून बाजूला ठेवलं.

“चिमाजी जलमभर खेकडं धरीत व्हता. मी आन्याची. आमच्याकडं वढ्याला पानीच नसतंय, खेकडा कुटला दिसायचा? मला कशाला त्येचं भ्या?” मग त्यांचा आवाज बदलला. “कधीपास्नं ठावं हाय तुमाला?”

“लाल कांदा निघत व्हता तवापास्नं.”

“म्हंजे येक कांदा सरून दुसरा आला. आन् मी निवडीत बसले.” त्या उठल्या. “सकाळची पुन्याची गाडी किती वाजता हाय?”

पुण्याच्या सर्जननी तपासण्या केल्या, फिल्म दिव्यासमोर धरली आणि सांगितलं, की गाठ काढता येईल. पण चेहरा हलवणारी नस कानाजवळच्या त्या लाळेच्या ग्रंथीतून जाते आणि आता ती गाठीत गुंतली आहे. जीव राखायचा तर नस द्यावी लागेल. “दोन-अडीच महिन्यांपूर्वी आला असतात, तर कदाचित सोडवता आली असती.” राजाभाऊंनी खाली पाहिलं. “कदाचित म्हणतोय मी,” सर्जन पुन्हा म्हणाले. त्या एका शब्दाचे राजाभाऊंनी नंतर किती तुकडे केले असतील, ते त्यांनाच माहीत.

बाहेरच्या बाकावर द्रौपदाबाईंनी ऑपरेशनचं नाव विचारलं.

“पॅ-रो-टि-डेक-ट-मी.”

“फोडा.”

“पॅरा म्हंजे जवळ. ऑट म्हंजे कान. एक्टमी म्हंजे कापून काढनं.”

“कानाजवळचं कापून काढनं,” त्यांनी पेरांवर मोजून पाहिलं. सहा भरली. “आन् माझं तोंड वाकडं व्हनार, ते कुटल्या पेरात हाय?”

“ते शब्दात न्हाई.”

“मग?”

“ते सांगावं लागतंय.”

“आज सांगितलंत,” द्रौपदाबाई म्हणाल्या आणि पदर सावरून आत गेल्या.

ऑपरेशन झालं. नंतर सहा आठवडे किरणांचे डोस झाले. बाई वाचल्या. पण चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली. डोळा उघडा राही, त्याला रात्री पट्टी लावावी लागे. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळे. आणि ओठ मिटेनात म्हणून प, फ, ब, भ, म ही अक्षरं त्यांच्या तोंडातून निसटली. पाणी, भाकरी, मीठ, बाजरी, सगळी रोजची. ‘व’ही सैल पडला; ‘अवो’ म्हणायला गेल्या, तर ‘अहो’ उमटे.

धोंडाबाई भेटायला आली तेव्हा द्रौपदाबाई तिला म्हणाल्या, आणि सगळी अक्षरं मी इथून पुढं त्यांची त्यांनाच परत देतो, नाहीतर वाचणाऱ्याला कळायचं नाही: “बघ आत्या, इतकी वर्सं ह्येंना अवो म्हनत व्हते. आता सायबीनीसारखी अहो म्हनते.”

धोंडाबाई हसता हसता रडली. राजाभाऊ उठून मोरीकडं गेले.

पुढच्या वर्षी जयंतीच्या दिवशी विहारात वंदना सुरू झाली. शेडच्या जागी आता पक्की इमारत होती, खाली फरशी. मी दाराशी उभा होतो. बायकांच्या रांगेत द्रौपदाबाई हात जोडून बसल्या होत्या. ‘नमो’, पहिल्याच शब्दात ‘म’. सगळ्यांच्या तोंडून तो निघाला, त्यांच्या ओठाशी नुसती हवा आली. त्यांनी हात खाली घेतले आणि पुढची वंदना मुक्यानं ऐकली. पुरुषांच्या रांगेत राजाभाऊंचाही आवाज बंद झाला होता.

त्या संध्याकाळपासून त्यांच्या ओट्यावर नवीन शाळा भरू लागली. चहा घेऊन दोघं समोरासमोर बसत. राजाभाऊ त्यांचं बोट धरत. पा-णी. भा-क-री. मी-ठ. द्रौपदाबाई ओठाचा ओघळलेला कोपरा डाव्या अंगठ्यानं वर दाबून धरत आणि अक्षर जुळवत. कधी जुळे, कधी नुसता फुर्र आवाज होई. जुळलं नाही तर त्या पेरावरच थांबत, पुढच्या पेरावर जात नसत.

दवाखान्यात कॉम्प्युटर आला. त्यावर घंटी नव्हती. लांब शब्द मावला नाही, तर आपोआप अख्खाच्या अख्खा खालच्या ओळीत जाई. राजाभाऊ बाकावर साडेदहाला येतच होते, पण आता कागद हातात घेण्याआधी समोरच्याला विचारत, “समदा सांगू का? समदा ऐकायचा आसंल तर बसा.” काही बसत. काही कागद घेऊन तसेच निघून जात, आणि राजाभाऊ त्यांना थांबवत नसत.

दर सहा महिन्यांनी पुण्याला तपासणी असे. पुण्याहून आणलेला कागद द्रौपदाबाई आधी स्वतः हातात घेत. पेटीतल्या पिशवीत केरसुणीची ती काडी अजून होती. कागदावर जिथं जिथं लांब शब्द दिसे, तिथं काडी ठेवून बघत आणि मग म्हणत, “हां, आता वाचा.”

एका संध्याकाळी मी ओट्यावर जाऊन बसलो होतो. दोन हजार सहा साल असेल. त्या दिवशी त्यांनी नेहमीचे शब्द बाजूला ठेवले.

“आज तो घ्यायचा. सात पेरांचा.”

“कशाला तो?” राजाभाऊ म्हणाले.

“माझाच हाय. मला घेता याया पायजे.”

त्यांनी स्वतःचाच अंगठा पेरांवरून चालवला. अॅ. डे. नो. पहिलं बोट. कार. सि. नो. दुसरं बोट. ती सहाही अक्षरं ओठांवाचून निघणारी, म्हणून स्वच्छ निघाली. तिसऱ्या बोटाच्या पहिल्या पेरावर त्या थांबल्या. डाव्या हाताच्या अंगठ्यानं ओठ वर धरला. ओठ थरथरले, मिटले नाहीत. पुन्हा प्रयत्न केला. हवा सुटली. कपाळाला घाम आला होता.

राजाभाऊंना राहवलं नाही. ते हळूच म्हणाले, “मा.”

द्रौपदाबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली. हलकी नव्हती.

“मधी बोलू नका,” त्या म्हणाल्या. “माझं अक्षर तुमी गिळू नका.”

राजाभाऊंनी हात मांडीवर ठेवला. चहावर साय धरली. समोरच्या रस्त्यानं माळशेजकडं जाणारी गाडी गेली, तिची धूळ खाली बसली. द्रौपदाबाईंचा अंगठा तिसऱ्या बोटाच्या त्या पेरावर तसाच टेकलेला होता, आणि आम्ही दोघं त्यांच्या ओठांकडं बघत बसलो होतो.